समलिंगी प्रेमकथेचा खेळ लावताना : प्रेक्षकांचा प्रतिसाद कसा ओळखावा, कसा सांभाळावा

जानेवारी 2025 मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातील ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातील प्रेमाची ही कथा आहे. पारितोषिकाची बातमी अभिमानाने वाचली गेली. परंतु हाच किंवा असाच एखादा चित्रपट तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात किंवा महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात लावायचा म्हटले, की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो ‘लोक काय म्हणतील?’ हाच. या प्रश्नाला घाबरून खेळ रद्द करण्यापेक्षा त्याचे उत्तर नीट शोधावे, असे मला मनापासून वाटते. लोक खरोखर काय म्हणतात, कुठे हसतात, कुठे गप्प होतात, कोण उठून जाते आणि त्या प्रत्येक वेळी आयोजकाने काय करावे, याविषयी चित्रपट मंडळाच्या कामात जे उमगले ते येथे मांडत आहे.

पाहणारे आणि न पाहता बोलणारे

सर्वप्रथम दोन प्रतिसाद वेगळे ठेवावेत : चित्रपट पाहणाऱ्यांचा आणि केवळ फलक पाहणाऱ्यांचा. दीपा मेहता यांचा दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ नोव्हेंबर 1998 मध्ये प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र घेऊन, एकही काटछाट न होता प्रदर्शित झाला आणि जवळजवळ तीन आठवडे मोठ्या शहरांत चांगल्या गर्दीत चालला. त्या तीन आठवड्यांत तिकीट काढून आत बसलेल्यांपैकी कोणी पडदा फाडला नव्हता. 2 डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसेनेचे कार्यकर्ते घुसले, तोडफोड झाली, दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये तेच घडले आणि चित्रपट पुन्हा परीक्षणासाठी पाठवण्यात आला. फेब्रुवारी 1999 मध्ये तो काटछाटीशिवायच परत आला. या प्रकरणाचे वर्णन आजही ‘प्रेक्षकांनी विरोध केला’ असे केले जाते, आणि ते मला अन्यायाचे वाटते. प्रेक्षक आत शांतपणे पाहत होते.

म्हणून तयारीही दोन प्रकारची करावी लागते. फलक पाहून अस्वस्थ होणाऱ्यांसाठी कागदपत्रे चोख असावीत. निर्माता किंवा वितरक यांची सार्वजनिक खेळासाठी लेखी परवानगी घ्यावी, कारण घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही. परीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत दाराशी ठेवावी आणि ते प्रौढांसाठीचे असेल, तर अठरा वर्षांखालील कोणालाही, अगदी सभासदाच्या मुलालाही, आत सोडू नये. सभागृहाच्या मालकाला चित्रपटाचा विषय आधीच स्पष्ट शब्दांत सांगावा. ऐन वेळी कळले तर तो घाबरून किल्ली देत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र देऊन पोच घ्यावी. कोणी ‘हे बेकायदा आहे’ असे म्हणालेच, तर वाद न घालता एवढेच सांगावे, की 6 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले आहेत. विवाहाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मान्य झालेला नाही, हेही ठाऊक असावे, कारण चर्चेत तो प्रश्न हमखास येतो आणि आयोजकाचे उत्तर चुकले की त्याच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वास उडतो.

जाहिरातीत विषय लपवू नये. ‘दोन मित्रांची हृदयस्पर्शी कहाणी’ असे मोघम लिहून लोकांना आत आणले, तर फसवणूक झाल्याचा राग ते पडद्यावरच्या पात्रांवर काढतात. ‘दोन पुरुषांची प्रेमकथा’ असे सरळ लिहावे. गर्दी थोडी कमी होते, पण आलेला माणूस मनाची तयारी करून आलेला असतो.

कोणता चित्रपट आधी

पहिल्याच खेळाला ‘साबर बोंडं’ लावावा का, याविषयी माझे मत असे, की जेथे संथ चित्रपट पाहण्याची सवय आहे तेथे अवश्य लावावा. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कुठे हळवे व्हायचे हे संगीत सांगत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला स्वतःच ठरवावे लागते, आणि सभागृहातील प्रत्येक खोकला, प्रत्येक कुजबुज ऐकू येते. आपल्या ग्रामीण प्रेक्षकाला मात्र त्यात एक मोठा आधार आहे : सुतकाचे नियम, भावकीची येजा, ‘आता लग्नाचे बघा’ म्हणून होणारा आग्रह, हे सगळे त्याच्या घरातले आहे. प्रेम ओळखीचे नसले तरी ओसरी ओळखीची असते, आणि त्या ओळखीच्या ओसरीवर प्रेक्षक बराच वेळ थांबायला तयार होतो.

जेथे प्रेक्षकांना कथा वेगाने पुढे सरकलेली आवडते तेथे ‘बधाई दो’ (2022) बरा पडतो. त्यातील पोलीस अधिकारी आणि शाळेतील व्यायाम शिक्षिका, दोघेही समलिंगी, घरच्यांचा तगादा थांबवण्यासाठी एकमेकांशी लग्न करतात. लोक पहिल्या अर्ध्या भागात मोकळेपणाने हसतात आणि त्या हसण्यातूनच पात्रांच्या बाजूचे होतात. मल्याळम ‘काथल’ (2023) मध्ये मामुट्टींसारखा नट मध्यमवयीन, विवाहित, पण समलिंगी असलेल्या आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्या गृहस्थाची भूमिका करतो. लोकप्रिय नटाने अशी भूमिका केली की प्रेक्षकांतील वयस्कर पुरुष सहसा टिंगल करत नाहीत. अडचण उपशीर्षकांची आहे. इंग्रजी भरभर वाचता न येणाऱ्यांसाठी कथानकाचे एक पान मराठीत छापून दारातच द्यावे. अन्यथा ‘कळले नाही’ आणि ‘आवडले नाही’ या दोन तक्रारी एकमेकींत मिसळून जातात.

‘अलीगढ’ प्रेमकथा नाही, तरी मराठी प्रेक्षकांपुढे तो आणावाच असे मला वाटते. तो ज्यांच्यावर आहे ते प्रा. रामचंद्र सिरास हे नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना समलिंगी संबंधांवरून फेब्रुवारी 2010 मध्ये निलंबित केले, 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि 7 एप्रिलला ते घरी मृतावस्थेत सापडले. आपल्याच भाषेच्या प्राध्यापकाची ही कथा आपल्यापर्यंत हिंदीतून आली, याची खंत चित्रपटानंतर अनेक जण बोलून दाखवतात. परंतु मालिकेची सुरुवात त्याने करू नये. पहिल्याच चित्रपटाचा शेवट मृत्यूने झाला, तर प्रेक्षक हळहळून घरी जातो आणि ‘बिचारे’ या शब्दापाशी थांबतो. दोन माणसांचे प्रेम पाहण्याची त्याला संधीच मिळत नाही.

खेळाआधी

प्रास्ताविक तीन मिनिटांचे असावे आणि त्यात उपदेश नसावा. ‘आपण सर्वांनी मन मोठे करून पाहावे’ असे म्हटले, की आपले मन लहान आहे असे आयोजकाने आधीच गृहीत धरले, हे प्रेक्षकाला लागते. दिग्दर्शक कोण, चित्रपट किती लांबीचा, मध्यंतर आहे की नाही, नंतर चर्चा किती वेळ, एवढे सांगून दिवे मालवावेत. मार्गिकेतला लहान दिवा चालू ठेवावा, म्हणजे ज्याला उठून जायचे आहे त्याला धडपडत, सर्वांच्या नजरा ओढून घेत जावे लागणार नाही. खेळाची वेळ अशी ठेवावी, की चर्चा संपल्यावरही बायकांना शेवटची एसटी मिळेल. हे किरकोळ वाटेल, पण बायका निघून गेल्यावर केवळ पुरुषांमध्ये होणारी चर्चा फार लवकर ‘निसर्गनियम’ या शब्दावर येऊन अडकते.

हसणे

सगळ्यात जास्त भीती हसण्याची असते आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याविषयीच असतात. आयोजकाने पडद्याकडे नव्हे, तर प्रेक्षकांकडे तोंड करून, एका कोपऱ्यात उभे राहावे आणि हसू कधी सुरू होते व कधी थांबते याकडे लक्ष द्यावे.

पहिले हसू संकोचाचे असते. दोघांचे हात जवळ येऊ लागले, एकाने दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे थोडे जास्त वेळ पाहिले, की प्रत्यक्ष स्पर्शाच्या आधीच मधल्या रांगांतून खसखस पिकते. स्पर्श झाला की ती थांबते. यात द्वेष नसतो; पडद्यावर पुरुषाने पुरुषाला हळुवार हात लावताना पाहण्याची सवय नसते, एवढेच. अशा हसण्याला ‘शांत बसा’ म्हणून दटावू नये. दटावले की संकोचाचा हट्ट होतो आणि पुढच्या प्रसंगाला मुद्दाम हसले जाते. दटावले नाही, तर तिसऱ्या-चौथ्या जवळिकीच्या प्रसंगापर्यंत ते आपोआप विरते, असा माझा अनुभव आहे.

दुसरे हसू शिकवलेले असते. पात्राची चाल, हातवारे, आवाजाचा हेल यांत जरा नाजूकपणा दिसला, की भावना काहीही असली तरी हसायचे, अशी सवय आपल्याला फार जुनी आहे. तमाशातल्या नाच्याला हसणे आपल्याकडे करमणुकीचा भागच होते. दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांनी पुरुषाला साडी नेसवून ते हसू घरोघरी नेले. हिंदीत ‘कल हो ना हो’ मधील कांताबेन आणि ‘दोस्ताना’ (2008) यांनी दोन पुरुषांच्या जवळिकीचा गैरसमज हाच विनोद म्हणून पक्का केला. याच प्रेक्षकाने 2010 मध्ये ‘नटरंग’ मधील गुणा कागलकरसाठी डोळे पुसले, हेही विसरू नये. पिळदार अंगाच्या गुणाने नाच्याचे सोंग घेतल्यावर गाव त्याला कसे हसते आणि त्या हसण्याची त्याला काय किंमत मोजावी लागते, हे त्या प्रेक्षकाला पुरते कळले होते. म्हणून शिकवलेल्या हसण्याचे उत्तर चर्चेत द्यावे : ‘गुणाला हसणाऱ्यांचा आपल्याला राग आला होता, मग आज आपण कुठे हसलो?’ हा प्रश्न कोणावरही बोट न रोखता विचारता येतो आणि सभागृह काही क्षण खरोखर विचारात पडते.

तिसरे हसू दाखवण्याचे असते. ते कधीही एकट्याचे नसते. चार-पाच तरुण एका रांगेत बसलेले असतात. प्रसंग येताच ते पडद्याकडे नव्हे, तर एकमेकांकडे पाहून हसतात, कोणी शीळ घालतो, कोणी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून ‘तुझाच भाऊ’ म्हणतो. आपण त्यातले नाही, हे मित्रांना पटवून देण्याची ती धडपड असते. या रांगेतील एखादा मुलगा सर्वांत मोठ्याने हसत असेल, तर त्याच्याविषयी घाईने मत बनवू नये. ओळखले जाण्याच्या भीतीनेही माणूस मोठ्याने हसतो. अशा गटासाठी उपाय एकच : खेळाआधीच मंडळाचे एक-दोन वडीलधारे सभासद त्यांच्या आसपासच्या खुर्च्यांवर बसवावेत. त्यांनी काही बोलायची गरज नसते. शिवी दिली गेली किंवा कोणा प्रेक्षकाचे नाव घेऊन टोमणा मारला गेला, तर मात्र संकोच न करता मध्यंतरात त्या मुलांना बाजूला घेऊन स्पष्ट समज द्यावी.

उठून जाणे आणि गप्प बसणे

जवळिकीच्या प्रसंगी काही पुरुष लघवीच्या निमित्ताने उठतात आणि प्रसंग संपल्यावर परत येतात. परत येतात, हे महत्त्वाचे. दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने त्यांना ‘काय झाले, काका?’ असे विचारू नये. जो परतला त्याला कथेत पुढे काय होते हे पाहायचे आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. मोबाइलचे पडदे एकदम उजळू लागले, तर तो बहुधा विषयाचा नव्हे, संथपणाचा कंटाळा असतो. या दोहोंत गल्लत करून ‘आपल्या लोकांना हा विषय झेपत नाही’ असा निष्कर्ष काढणारे आयोजक मी पाहिले आहेत.

शांततेचेही तसेच आहे. ‘साबर बोंडं’ मध्ये बाळ्या आनंदसाठी ती काटेरी फळे शोधून आणतो. ज्यांनी बांधावरच्या निवडुंगाची बोंडे लहानपणी खाल्ली आहेत, त्यांना त्यासाठी बोटांत किती बारीक कूस शिरते हे सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी सभागृह शांत होते ते प्रेम ओळखल्यामुळे. ओठ घट्ट मिटून, हाताची घडी घालून बसलेल्या माणसाची शांतता निराळी असते. त्याला चर्चेत पहिल्यांदा बोलते करू नये, कारण त्याचे पहिले वाक्य सर्वांत कठोर निघते आणि पुढचे सगळे त्या वाक्याला उत्तर देत बसतात.

बायकांच्या प्रतिसादाकडे मी विशेष लक्ष देतो. आनंदच्या आईला मुलाविषयी सारे ठाऊक आहे आणि ती नातेवाइकांच्या प्रश्नांपासून त्याला सांभाळून घेते. पन्नाशीपुढच्या बायका या आईकडे पाहत असतात. मुलांच्या प्रेमकथेपेक्षा तिचे वागणे त्या बारकाईने तोलतात. चर्चेत ‘समलैंगिकता योग्य की अयोग्य’ असा विषय आला, तर त्या गप्प राहतील. ‘त्या आईच्या जागी तुम्ही जावेला काय सांगितले असते?’ असे विचारले, तर तीन-चार जणी एकाच वेळी बोलू लागतात, आणि मग ऐकण्यासारखे बरेच काही बाहेर येते. वयस्कर पुरुषांच्या मनात बहुधा वंशाचा आणि म्हातारपणी सांभाळण्याचा प्रश्न असतो. तो खोटा नाही. त्याला मागासलेपणा म्हणून उडवून लावू नये. आनंद वडिलांसाठी दहा दिवस काय काय करतो, हे त्यांनी नुकतेच पाहिलेले असते. त्याकडे लक्ष वेधले की पुरे.

चर्चा

पहिला प्रश्न मताचा नसावा, आठवणीचा असावा : ‘कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आहे?’ त्यावर चार-पाच उत्तरे आली की मतभेदाला जागा करून द्यावी. ‘हे आपल्याकडचे नाही, बाहेरून आलेले फॅड आहे’ असे कोणीतरी म्हणेलच. त्याला चिडून उत्तर न देता विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये मराठी रंगभूमीवर आले होते आणि जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ (1982) मध्ये आश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा भाग होता, हे सांगावे. दोन्ही कृतींतील मांडणीवर आज वाद घालता येईल आणि घालावाही, पण चार दशकांपूर्वी मराठी प्रेक्षक हा विषय पाहत होता, हे नाकारता येत नाही.

हात वर करून बोलणाऱ्यांवर चर्चा संपवू नये. खेळाआधी प्रत्येकाला सारख्या आकाराची एक चिठ्ठी आणि पेन्सिल द्यावी. शेवटी प्रत्येकाने, काही लिहिले असो वा कोरी असो, ती चार घड्या घालून पेटीत टाकावी. ‘ज्यांना लिहायचे असेल त्यांनी लिहा’ असे म्हणू नये, कारण मग लिहिणाराच उघडा पडतो. सर्वांच्याच चिठ्ठ्या पेटीत पडल्या की कोणाची कोणती हे कळत नाही. बोललेले आणि लिहिलेले यांत किती अंतर असते, हे पेटी उघडल्यावर दिसते : चर्चेत ‘चित्रीकरण उत्तम’ एवढेच ऐकू आलेले असते, आणि चिठ्ठ्यांत ‘माझ्या दिरांचे लग्न का झाले नाही ते आज समजले’ असे एखादे वाक्य निघते. चिठ्ठ्या सभागृहात मोठ्याने वाचू नयेत. लहान गावात हस्ताक्षर आणि दीर ओळखायला वेळ लागत नाही. त्या दोघा-तिघांनीच वाचाव्यात आणि नंतर नष्ट कराव्यात.

पाहणाऱ्यांची काळजी

प्रेक्षकांचे छायाचित्र काढू नये. वार्तांकनासाठी पडद्याचे आणि व्यासपीठाचे छायाचित्र पुरते. व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘कालच्या खेळाला उपस्थित’ म्हणून नावांची यादी टाकण्याची आपली नेहमीची पद्धत या खेळापुरती बाजूला ठेवावी. समलिंगी व्यक्तीला व्यासपीठावर बोलावून ‘अनुभव सांगा’ असा आग्रह धरू नये. कोणी स्वतःहून येण्यास तयार असेल, तर तिचे नाव, छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण याविषयी तिची संमती आधी घ्यावी आणि शक्यतो ती दुसऱ्या गावची असावी. खेळानंतर एखादा मुलगा किंवा मुलगी थांबून केवळ ‘हा चित्रपट परत कुठे पाहता येईल?’ असे विचारील. तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे, पुढची चौकशी करू नये. समलिंगी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या, मुंबईतील हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांची नावे व संपर्क छापलेला कागद कथानकाच्या पानाच्या मागेच असावा, म्हणजे तो सर्वांच्याच हाती जातो आणि कोणालाही वेगळा मागावा लागत नाही.

पुढचा चित्रपट चिठ्ठ्यांवरून निवडावा. प्रश्न लग्नाविषयी जास्त असतील, तर ‘बधाई दो’ किंवा ‘काथल’ घ्यावा. कायद्याविषयी आणि नोकरीविषयी असतील, तर ‘अलीगढ’. आईवडील आणि भावंडांविषयी विचारणा अधिक असेल, तर ओनीर यांचा गोव्यात घडणारा ‘माय ब्रदर निखिल’ (2005) उपयोगी पडतो, कारण त्यात भावाच्या पाठीशी उभी राहणारी बहीण, दुरावलेले वडील आणि निखिलचा सोबती या सर्वांना बोलायला सारखीच जागा मिळाली आहे. दोन खेळांत तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये आणि दुसऱ्या खेळाची तारीख पहिल्या खेळाच्या दिवशीच जाहीर करावी.